रोव्हर्स रिटर्न : एका काउंटरवालीचा अभिप्राय

कुठल्याही बारमध्ये शिरले की मी आधी गल्ल्यावर कोण बसलंय ते बघते, मग लायसन कुणाच्या नावावर आहे ते विचारते. खुर्च्या, दिवे, पंखे सगळं नंतर. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली आमची परमिट रूम बरीच वर्षं माझ्या नावावर होती. किचन ह्यांच्याकडं, गल्ला माझ्याकडं. बाई काउंटरला बसते म्हणून सुरुवातीला गल्लीत कुजबुज झाली. महिन्याचा हिशेब जुळायला लागला तशी ती आपोआप थांबली. म्हणून रोव्हर्स रिटर्न या पबबद्दल दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

पब खरा नाही, मालिकेतला आहे. 'कोरोनेशन स्ट्रीट' ही इंग्लंडातली मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली ती अजून चालू आहे. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टीव्हीनं काढली, टोनी वॉरन यांच्या डोक्यातून निघाली. वेदरफील्ड हे गाव कल्पित, पण नमुना सॅलफर्डच्या कामगार वस्तीचा. माझी लेक त्याच भागात राहते. तिच्याकडं थंडीत जाऊन अडकले आणि ही सवय लागली. आता इकडं रात्री जेवणं आटोपली की हे पीटीएम-खंडोबाच्या फुटबॉल मॅचची उजळणी करत बसतात आणि मी मोबाइलवर रोव्हर्सचे जुने तुकडे बघते. आपल्या मालिकांत वाडा असतो, जिना असतो, जिन्यावर भरजरी साडीतली सासू असते. सुट्टे पैसे मोजताना कुणी दिसत नाही. इथं सारखं कुणीतरी खिशात हात घालतं आणि गल्ला वाजतो. मला ते फार बरं वाटतं.

आता धंद्याचं. कथेप्रमाणं पब १९०२ चा, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वर्षातला. मालकी न्यूटन अँड रिडली या (कल्पितच) ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीची. चालवणारा भाडेकरू. बिअर ब्रुअरीचीच विकायची, भाडं ब्रुअरीला द्यायचं. आपल्याकडं लायसन एकाचं आणि हॉटेल चालवायला घेतलेलं दुसऱ्यानं, असे संसार मी भरपूर बघितलेत. त्यात राबणाऱ्याच्या हातात शेवटी काय उरतं तेही माहीत आहे. तिकडची एक रीत मात्र आवडली : लायसनदाराचं नाव पबच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लिहायचं. आमचं लायसन फ्रेम करून गल्ल्यामागं, गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं असायचं. एक्साइजवाले आले तरच कुणी वाचायचं.

दारावरची नावं बदलत गेली, तोच या पबचा इतिहास. १९३७ साली जॅक आणि अ‍ॅनी वॉकर आले. जॅक देवमाणूस. १९७० मध्ये त्याचं काम करणारा नट वारला, तसा मालिकेतला जॅकही गेला आणि अ‍ॅनीबाई एकट्या उरल्या. बाईंचा थाट असा, की पब नव्हे, नवा राजवाडाच चालवतायत. एकदा त्यांनी ए. डब्ल्यू. अक्षरं विणलेला गालिचा घेतला. सगळ्यांना वाटावं, अ‍ॅनी वॉकर म्हणून खास विणून घेतलाय. निघाला अल्हाम्ब्रा वेदरफील्ड नावाच्या बिंगो हॉलचा, जुना, काढून टाकलेला! मी हसले, पण बाईंना नावं ठेवणार नाही. काउंटरवरच्या बाईनं थोडा आब राखावाच लागतो. नाहीतर तिसऱ्या पेगनंतर लोक 'वहिनी'वरून कुठं उतरतील सांगता येत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली जागा. जुन्या रोव्हर्समध्ये तीन भाग होते : मोठा बार, जरा वरच्या लोकांसाठी सिलेक्ट, आणि बाजूला छोटीशी खोली, तिला स्नग म्हणायचे. त्या स्नगमध्ये इना शार्पल्स, मिनी कॉल्डवेल आणि मार्था लाँगहर्स्ट या तीन म्हाताऱ्या मिल्क स्टाउटचे, म्हणजे गोडसर काळ्या बिअरचे, ग्लास पुढ्यात घेऊन बसायच्या. इनाच्या डोक्यावर केसांची जाळी, तोंडात अख्ख्या गल्लीचा पंचनामा. पुरुषांच्या नजरेआड, पण बारमधला शब्द न शब्द ऐकू येईल एवढ्या जवळ. १९६४ साली बाहेर पियानोवर गाणी चाललेली असताना मार्था त्याच खोलीत, टेबलावर डोकं टेकून गेली. एवढ्या गलक्यात आधी कुणाला कळलंच नाही. तो प्रसंग मी पुन्हा बघत नाही.

आमच्याकडं आत 'फॅमिली रूम' होती. प्लायवूडचं पार्टिशन, हिरवा पडदा आणि पंख्याचं बटण पडद्याबाहेर, त्यामुळं आतल्या बायकांना पंखा लावायला वेटरला हाक मारावी लागायची. तिथं बायका बसायच्या त्या नवऱ्याबरोबर, पोरांबरोबर, मटण थाळी खायला. तीन म्हाताऱ्या आपल्या पैशानं, आपला ग्लास घेऊन, कुणाच्या सोबतीशिवाय बसल्यात, हे माझ्या हयातीत त्या पडद्याआड घडलं नाही. स्नग पण पार्टिशनच, पण त्याचं बटण आतल्या बाजूला होतं.

ते स्नग गेलं १९८६ च्या आगीत. विजेचं काम. जॅक डकवर्थनं (हा जॅक वेगळा, पबातला नोकर) फ्यूजशी खटपट केली आणि रात्रीत पब पेटला. वर झोपलेली पबची मॅनेजर बेट लिंच शेजारच्या पोरानं, केव्हिन वेब्स्टरनं, बाहेर काढली म्हणून वाचली. फ्यूज उडतोय म्हणून त्याला तांब्याची जाड तार गुंडाळणारे महाभाग आमच्याही किचनमध्ये होऊन गेले, त्यामुळं जॅकला बघितलं की मला अजून घाम फुटतो. दुरुस्ती करताना ब्रुअरीनं तिन्ही भाग पाडून एकच मोठा हॉल केला. धंद्याच्या हिशेबानं बरोबर आहे : एका काउंटरवरून सगळी टेबलं दिसतात, माणसं कमी लागतात. मीही तेच केलं असतं. पण बघणारी म्हणून सांगते, त्या हॉलमध्ये एकट्या बाईला बसायला कोपरा राहिला नाही.

बेट लिंच या बाईबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. वाघाच्या... नव्हे, बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, खांद्याला टेकणारी कानातली, केसांचा डोंगर. आधी नोकर, मग १९८५ मध्ये त्याच पबची मॅनेजर. १९८७ मध्ये अ‍ॅलेक गिलरॉयच्या पैशावर पब चालवायला घेतला, कर्ज झेपेना म्हणून स्पेनला पळाली, तिथं अ‍ॅलेकनं गाठून लग्नाचं विचारलं. वसुलीची ही तऱ्हा आमच्या भिशीत कुणाला सुचली नव्हती. तिचं काउंटरमागचं उभं राहणं बघा : एक हात बिअरच्या दांड्यावर, नजर दारावर, आणि तिसऱ्या टेबलावरच्या भांडणाला इथूनच एका वाक्यात पूर्णविराम. हे शिकवून येत नाही. १९९५ मध्ये ब्रुअरीनं पब विकायला काढला. बेटकडं पैसे नव्हते, कुणी दिले नाहीत, बाई बॅग भरून निघून गेली. आणि पब घेतला कुणी? भावाचे पैसे वारशानं मिळालेल्या जॅक डकवर्थनं आणि त्याच्या व्हेरानं. तोच जॅक, फ्यूजवाला! २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार १ एप्रिलला बंद झाले, तेव्हा ओळखीतल्या एक बाई कुलपाची किल्ली हातात घेऊन आमच्या दारात बसल्या होत्या. बेटला जाताना बघून मला त्याच आठवल्या.

खाण्याबद्दल. इथली प्रसिद्ध डिश हॉटपॉट. करणारी बेटी, म्हणजे बेटी ड्रायव्हर ही नटी. १९६९ पासून २०११ मध्ये वारेपर्यंत त्याच भूमिकेत. मटण, कांदा, वर बटाट्याच्या चकत्या लावून मंद आचेवर भाजायचं. मी घरी करून बघितलं. मटण मऊ, बटाटा वरून खरपूस, खोटं कशाला बोलू, जमलं होतं. पण ह्यांनी पहिला घास घेऊन विचारलं, "फोडणी द्यायची राहिली काय?" दुसऱ्या दिवशी उरलेल्यात कांदा-लसूण मसाला घालून तांबडा केला तेव्हा भांडं चाटूनपुसून संपलं.

सर्व्हिस सुमार. टेबलावर येऊन कुणी काही विचारत नाही, उठून काउंटरला जायचं, दर ग्लासाला रोख मोजायची. उधारी बुडत नाही हा फायदा. पण चकणा? शेंगदाणे, खारी डाळ, काकडी-टोमॅटो काही नाही. कुरकुरीत वेफर्सची पुडी, तीही विकत. आमच्याकडं चकणा दुसऱ्यांदा मागितला की मिळायचा, तिसऱ्यांदा मी स्वतः टेबलाकडं बघायचे. आणखी एक, १९८८ चा कायदा येईपर्यंत तिकडचे पब दुपारी बंद ठेवावे लागायचे. आमच्या दुपारच्या गिऱ्हाइकांनी मोर्चा काढला असता.

सुरक्षेचे मार्क मात्र कापते. एकदा आग लागून गेलेल्या पबात २०१३ मध्ये पुन्हा आग. या वेळी पबवालीच्या जुन्या जोडीदारानं, कार्ल मन्रोनं, मत्सरापोटी तळघरात लावलेली. त्यात सापडलेली सुनीता अलाहन पुढं दवाखान्यात गेली, तिथंही कार्लनंच तिचा जीव घेतला; आपल्या देव अलाहनची पूर्वीची बायको, कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याची. आगीत आत शिरलेली फायर ब्रिगेडची एक बाईही गेली. पेटी-बाटली ठेवायच्या तळघराला कुलूप नाही, कुणीही उतरतं. आमच्या स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला असायची, वेटरलाही मागून घ्यावी लागायची, नोकरनामा (बारच्या नोकराला लागणारा एक्साइजचा कागद) असला तरी.

लेकीनं मला मालिकेच्या सेटवरही नेलं होतं. गल्ली उघड्यावर बांधलेली, विटा खऱ्या. पण रोव्हर्सचा आतला हॉल त्या दाराआड नाहीच, तो वेगळा स्टुडिओत. बाहेरून एवढीशी इमारत आणि आत एवढा ऐसपैस बार, शिवाय पुरुषांची-बायकांची वेगळी संडासं. हे एवढं त्या भिंतींत बसतं कसं, हा हिशेब मला लागलेला नाही. मोरेवाडीच्या चित्रनगरीत नुसत्या दर्शनी भिंती बघितलेल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये, तरी मी दार ढकलून बघितलंच.

पाचपैकी साडेतीन. नव्यानं बघणाऱ्यांनी बेटपासून सुरुवात करावी, आणि जेवून बसावं.