रिव्हियन आर१टी: वेगापेक्षा जागेचा विचार मोलाचा

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की कांद्याच्या गोणी किंवा भाजीचे क्रेट रचून पहाटे बाजार समितीच्या दारात उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र हे अनेकांचे घरचे वाहन आहे. आठवडाभर तेच कामावर आणि शाळेत जाते आणि शनिवारी सायकली, तंबू नाहीतर बर्फावर घसरायच्या पट्ट्या घेऊन डोंगराची वाट धरते. रिव्हियन या अमेरिकी कंपनीचा विजेवर चालणारा आर१टी हा पिकअप नेमका याच वापरासाठी बेतलेला आहे. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी, मित्सुबिशीच्या जुन्या कारखान्यात तो तयार होतो आणि सप्टेंबर २०२१मध्ये, म्हणजे फोर्ड, जनरल मोटर्स आणि टेस्ला यांचे विजेवरचे पिकअप ग्राहकांकडे पोहोचण्याआधीच, त्याची विक्री सुरू झाली. डेन्व्हरमधल्या एका स्नेह्यांकडे पहिल्या पिढीचा, चार मोटरींचा आर१टी आहे. तो मी बऱ्याच वेळा चालवला आहे.

चार चाकांना चार स्वतंत्र मोटरी आणि मिळून ८३५ अश्वशक्ती. सुमारे सव्वातीन टन वजनाचा हा ट्रक ताशी शून्यावरून ९६ किलोमीटरचा वेग जेमतेम तीन सेकंदांत गाठतो. या आकड्याचीच चर्चा सर्वाधिक होते, पण माझ्या मते त्याचे कौतुक आठवडाभरात ओसरते. चार मोटरींचा खरा गुण कळतो तो खडकाळ वाटेवर आणि अगदी मंद वेगात. एखादे चाक अधांतरी झाले की त्याची ताकद काढून घेऊन जमिनीवर टेकलेल्या चाकांना देण्याचे काम इतक्या चटकन होते की चालवणाऱ्याला फक्त ट्रक शांतपणे वर चढत असल्याचे जाणवते. हवेवर चालणारे सस्पेन्शन ट्रकला जमिनीपासून जास्तीत जास्त ३८ सेंटिमीटरच्या आसपास उचलते आणि महामार्गावर तेच त्याला खाली बसवते. वळणावर अंग एका बाजूला झुकू नये म्हणून इथे नेहमीच्या लोखंडी दांड्याऐवजी एकमेकांना जोडलेली हायड्रॉलिक रचना वापरली आहे, त्यामुळे इतके वजन असूनही घाटात ट्रक हेलकावत नाही.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे, तर पश्चिमेकडे जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरच्या जवळ पोहोचतो. जाताना बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो, पण परतीच्या उतारावर पायाखालचा पेडल जरा सैल सोडला की मोटरीच वेग आवरतात आणि वीज बॅटरीत परत भरू लागतात. त्या लांबलचक उतारावर ब्रेकला पाय लावण्याची वेळ क्वचितच येते, आणि ब्रेक तापण्याची धास्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही मला हा ट्रक आवडतो तो त्यातल्या आडव्या पोकळीमुळे. मागची बाके आणि हौदा यांच्या मधून, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, तीनशे लिटरहून अधिक सामान मावेल असा एक बोगदा काढला आहे. पेट्रोलच्या ट्रकमध्ये यंत्रसामग्री आणि धुराड्याचे नळ यांमुळे अशी जागा सहसा काढता येत नाही. इथे बॅटरी तळाशी सपाट पसरलेली असल्याने ती मिळाली आहे. त्याचे दार खाली उघडते आणि माणसाचे वजन पेलते. चिखलाने माखलेले बूट काढायला त्या दारावर बसावे, बूट आत सरकवावेत आणि स्वच्छ पायांनी गाडीत चढावे. चालकाच्या दाराच्या कडेत एक हातातला टॉर्च खोचलेला असतो, जो जागच्या जागी चार्ज होतो. या गोष्टी कुणीतरी स्वतः मुक्कामाला जाऊन, अंधारात हात चाचपडून सुचलेल्या वाटतात.

उलट हौदा मात्र जेमतेम साडेचार फुटांचा आहे. रोज प्लायवुड किंवा लांब पाइप वाहणाऱ्या कारागिराने हा ट्रक घेऊ नये. चालकासमोरच्या स्पर्शपडद्याच्या बाबतीतही माझे मतभेद आहेत: एसीच्या झडपांची दिशासुद्धा बोटाने न वळवता पडद्यावरून बदलावी लागते, आणि फोनमधली अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर दाखवणारे अ‍ॅपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो मुळीच दिलेले नाही. चालत्या गाडीत नजर रस्त्यावर राहावी, हे साधे तत्त्व इथे डावलले गेले आहे.

सर्वांत जपून विचार करावा लागतो तो ओढण्याच्या बाबतीत. ट्रक सुमारे पाच टन ओढू शकतो, यात शंका नाही. मात्र मोठ्या बॅटरीवर अधिकृतपणे सुमारे ५०५ किलोमीटर असलेला पल्ला उंच, चौकोनी कॅम्पर, म्हणजे मुक्कामाचे चाकांवरचे घर, मागे लावल्यावर साधारण निम्म्यावर येतो, कारण महामार्गाच्या वेगात वजनापेक्षा वाऱ्याचा अडसर मोठा ठरतो. मार्च २०२४पासून टेस्लाची जलद चार्जिंग केंद्रे अडॅप्टर लावून वापरता येऊ लागली, ही मोठी सोय झाली. पण अनेक ठिकाणी चार्जिंगची जागा एकट्या गाडीपुरतीच आखलेली असते, आणि तिथे आधी कॅम्पर सोडवून बाजूला उभा करावा लागतो, मग चार्जिंग संपल्यावर तो पुन्हा जोडावा लागतो. मुले झोपलेली, बाहेर थंडी, अशा वेळी हे काम किती जड जाईल, याचा अंदाज ट्रक घेण्याआधीच करावा.