1984 च्या प्रोबेटची नक्कल काढली त्याचा रिव्ह्यू (ॲप, एजंट आणि रेकॉर्ड रूम, तिन्हींचा)

लोक मिसळीला स्टार देतात, गॅरेजला देतात, परवा एकानं स्मशानभूमीला पाच दिलेले बघितले, मग मी कोर्टातल्या नक्कल विभागाला दिले तर बिघडलं काय. पाचपैकी चार देतोय. एक कुठं कापला ते पुढं कळेलच. एजंटला शून्य द्यायचा होता पण त्याचं कुठं पानच नाही स्टार द्यायला, म्हणून हे एवढं टाईप करतोय.

आधी प्रकरण सांगतो. आमचं घर सांगलीत गावभागात. 2005 च्या पुराचं पाणी भिंतीवर जिथवर आलेलं तिथं वडिलांनी खडूनं रेघ मारून ठेवली होती आणि त्या रेघेच्या हातभर वर फळी ठोकून त्यावर कागदांची ट्रंक ठेवली होती, म्हणजे आता काय चिंता नाही. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि रेघ, फळी, ट्रंक सगळं पाण्याखाली. आठवड्यानं ट्रंक उघडली तर आत कागदाचा लगदा. त्या लगद्यात तात्यांचं प्रोबेट होतं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.

तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा. मूलबाळ नव्हतं, त्यांनी गावाकडची जमीन मृत्युपत्र करून वडिलांना दिली. ते गेल्यावर भावकीतला एकजण पारावर बसून "ते मृत्युपत्र खोटं हाय" म्हणत सुटला, म्हणून थोरल्यांनी 1984 ला कोर्टातून प्रोबेट करून घेतलं. पारावर बोलणारा कोर्टात आलाच नाही, तो भाग वेगळा. आता ती जमीन विकायचा विषय निघाला तर घेणाऱ्याच्या वकिलानं सर्च काढला आणि म्हणाला, फेरफारात, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत, प्रोबेटचा उल्लेख दिसतोय तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल आणा, झेरॉक्स चालणार नाही. झेरॉक्स तरी कुठं होती आमच्याकडं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण मी स्वतः दोन महिने वारस दाखला, वारस नोंद आणि प्रोबेट हे सगळं एकच समजत होतो. तलाठ्याकडं होते ती वारस नोंद, ती फक्त सातबाऱ्यावर नाव चढवण्यापुरती. बँकेतली ठेव, शेअर असल्या गोष्टींसाठी कोर्टातून घ्यायचं ते 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट. वारस म्हणून कोर्टाचा दाखला पाहिजे असेल तर आपल्याकडं अजून 1827 चं मुंबई रेग्युलेशन 8 चालतं, हो, कंपनी सरकारच्या काळातलं, मला पण खरं वाटलं नव्हतं. आणि प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरंच त्या माणसानं केलंय हे कोर्टानं तपासून दिलेला दाखला. जमीन कुणाची हे प्रोबेटमध्ये ठरत नाही, मृत्युपत्र खरं एवढंच ठरतं. प्रोबेट घेतलंच पाहिजे ही अट मुंबईसारख्या शहरांपुरती होती, सांगली साताऱ्याला ती नव्हतीच, त्यामुळं इकडं प्रोबेट घेणारे थोडे. ते थोडे असणं नंतर माझ्या पथ्यावर पडलं.

आता ॲप. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप फुकट आहे आणि चालू केस बघायला एक नंबर. सीएनआर म्हणजे केसचा 16 अक्षरी नंबर टाकला की तारीख, मागच्या तारखेला काय झालं, पुढं काय आहे, सगळं समोर येतं. सीएनआर नसेल तर पक्षकाराच्या नावानं पण शोधता येतं, जिल्हा, कोर्ट, वर्ष टाकायचं, चालू का निकाली ते निवडायचं. मी तात्यांचं नाव सगळ्या स्पेलिंगनी टाकून बघितलं, एक पाटीलच किती तऱ्हांनी लिहितात माणसं. काही नाही. त्यात ॲपचा दोष नाही, ई-कोर्ट्सचा प्रकल्पच 2007 चा आणि माझी केस 1984 ची, ती हातानं लिहिलेल्या रजिस्टरात. ज्यांची केस गेल्या दहा पंधरा वर्षांतली आहे त्यांनी मात्र आधी ॲपच बघा, उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. फक्त एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते: असल्या केसला मयताचं नाव नसतं. जो अर्ज करतो त्याच्या नावानं केस लागते, आणि समोर बऱ्याचदा कुणीच नसतं, नुसतं "विरुद्ध निल". तात्या मेलेत, ते कशाला कोर्टात जातील अर्ज करायला. हे एवढं साधं डोक्यात आलं नाही माझ्या.

मग एजंट. कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर भेटला, कोट नाही पण बोलणं वकिलाचं. "जुनं रेकॉर्ड ना, आपली माणसं आहेत आत, आठ दिवसांत आणतो." 2500 घेतले. आठ दिवसांनी म्हणाला क्लार्क रजेवर, पंधरा दिवसांनी म्हणाला गठ्ठा सापडला पण पानं चिकटलीत, महिन्यानं म्हणाला साहेबांची बदली झाली. शेवटी मी विचारलं केस नंबर काय तेवढा तरी सांगा, तर म्हणाला तो गोपनीय असतो. तिथं मला कळलं आपण गंडलो. केस नंबर कधी गोपनीय असतो का ओ.

मेहुणा म्हणाला माहिती अधिकार टाक. ते पण चालत नाही, कोर्टाच्या फायलीतली नक्कल पाहिजे तर कोर्टाच्याच नियमानं नकलेचा अर्ज करायचा, सुप्रीम कोर्टानं 2020 ला गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. हे मला एका ज्युनियर वकील पोरीनं फुकट सांगितलं, तिला चहा पाजला तेवढाच.

तिनंच पुढचं पण सांगितलं. म्हणाली काका, दुय्यम निबंधकाकडं बघितलं का, मृत्युपत्र रजिस्टर असेल तर तिथं नक्कल मिळेल. मृत्युपत्रांची नोंद पुस्तक नंबर 3 मध्ये असते आणि गंमत अशी की करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या माणसालाच देतात, पण तो गेला की कुणीही अर्ज करून घेऊ शकतो. छान नियम आहे, माणूस जिवंत असताना कुणी डोकवायचं नाही. पण मृत्युपत्र रजिस्टर करणं सक्तीचं नसतं आणि आमच्या तात्यांनी केलं नव्हतं. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या, झालं. तिथला एक दिवस वाया.

खरी चावी निघाली फेरफारात. सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो, तो घेऊन तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. वकिलानं सांगितलेला उल्लेख मी कधी नीट वाचलाच नव्हता. तलाठ्याचं ते मोडीसारखं मराठी, ओळीवर ओळ चढलेली, पण भिंगानं बघितल्यावर अर्ज नंबरचा पहिला आकडा पुसट, वर्ष 1984 स्वच्छ, आणि अर्जदार म्हणून नाव कुणाचं, तर गावातल्या शाळेच्या गुरुजींचं! आमच्या घरातलं नाही, नात्यातलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "व्हय की, तात्यांनी गुरुजींस्नी पंच नेमलं हुतं." म्हणजे मृत्युपत्रात एक्झिक्युटर, मृत्युपत्राप्रमाणं सगळं पार पाडणारा माणूस, म्हणून गुरुजींचं नाव, आणि प्रोबेटचा अर्ज एक्झिक्युटरच करतो. आईला हे चाळीस वर्षं माहीत होतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

आता नाव आहे, वर्ष आहे, पण कोर्ट कुठलं. मी धरून चाललेलो की प्रोबेट म्हणजे जिल्हा कोर्ट. एका ठिकाणी गेलो, कुठं ते लिहीत नाही, माणसं बदलत राहतात. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, इथं नाही. रजिस्टर न उघडता. एक स्टार कापलाय तो इथला. पण खरंच तिथं नव्हतं, कारण भांडण नसेल तर ज्या सीनियर डिव्हिजनच्या दिवाणी जजना अधिकार दिलेला असतो तेही प्रोबेट देऊ शकतात, त्यांना कायद्यात डिस्ट्रिक्ट डेलिगेट म्हणतात. आमच्या केसमध्ये विरोधक पारावरच बसून राहिला, कोर्टात आलाच नाही, त्यामुळं प्रकरण दुसऱ्याच कोर्टात निकाली निघालेलं. तुमचं पण जुनं काही शोधायचं असेल तर "इथं नाही" ऐकून घरी जाऊ नका, मग कुठं असेल ते विचारा.

दुसऱ्या कोर्टातली रेकॉर्ड रूम. चार स्टार द्यायचं कारण तिथला एक पन्नाशीचा माणूस. मी म्हटलं 1984, प्रोबेट, अर्जदार गुरुजी. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "प्रोबेट का? मग सोपं हाय. दावं असतं तर मेला असता शोधून. प्रोबेट आपल्याकडं वर्षाला बोटावर मोजण्याएवढी." लांबडं रजिस्टर काढलं, कापडी पुठ्ठ्याचं, आणि बोट फिरवत खाली आला. दहा मिनिटं. दहा मिनिटांत गुरुजी सापडले. मी दोन महिने आणि 2500 घालवून जे झालं नव्हतं ते. केस नंबर, दाखल तारीख, निकाल तारीख, सगळं एका ओळीत, निळ्या शाईत.

त्याच रांगेत विट्याकडचा एक म्हातारा होता, त्याला 1940 च्या सुमाराचा वारशाचा कागद पाहिजे होता. त्याला त्यांनी सांगितलं, बाबा, तुम्ही आधी साताऱ्याला चौकशी करा. कारण खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याचं सांगली नाव पडलं 1960 ला. सांगली, मिरज, जत तर संस्थानं, त्यांचं दप्तरच वेगळं. म्हातारा म्हणाला, "म्या सांगलीकर का सातारकर मग?" कुणी उत्तर दिलं नाही.

नकलेचा अर्ज. फॉर्म साधा आहे, केस नंबर, पक्षकाराचं नाव, निकालाची तारीख आणि कशाची नक्कल पाहिजे. हे शेवटचं नीट लिहा. मी नुसतं "प्रोबेट" लिहिणार होतो, त्या माणसानंच थांबवलं, म्हणाला आदेशाची, प्रोबेट दाखल्याची आणि मृत्युपत्राची अशी तिन्ही मागा, नाहीतर वकील परत पाठवतील तुम्हाला. मूळ मृत्युपत्र कोर्टातच जपून ठेवलेलं असतं, कायद्यातच तसं आहे, प्रोबेट झालेलं असेल तर ते पक्षकाराला परत मिळत नाही. आम्ही घरी मृत्युपत्र पुरात बुडालं म्हणून रडत होतो ते मुळात मूळ नव्हतंच, नक्कल होती! मी त्या केसमध्ये पक्षकार नाही म्हणून कशासाठी पाहिजे ते सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं, सोबत वडिलांचा आणि तात्यांचा मृत्यू दाखला. कोर्ट फी स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स सगळं धरून पाचशेच्या आत भागलं. मध्ये उन्हाळी सुट्टी आली, मे महिन्यात असलं काम काढू नका एवढंच सांगेन. सुट्टीनंतर गेलो तर तयार होतं.

बसायला जागा नाही, पंखा एकच आणि तो रेकॉर्डच्या बाजूला वळवलेला, बरोबरच आहे म्हणा. पाण्याची बाटली घेऊन जा. पेन पण न्या, तिथं प्रत्येकजण तुमचाच पेन मागतो आणि माझा एक गेला.

नक्कल हातात आल्यावर तिथंच बाकड्याच्या कडेला टेकून वाचली. जमिनीचं एका ओळीत संपवलंय तात्यांनी, पण बैलांबद्दल पाच ओळी आहेत, कुणी विकायचे नाहीत, म्हातारे झाले तरी गोठ्यातच मरू द्यायचे. खाली सही नाही, अंगठा. मला वाटायचं तात्यांना लिहिता येत होतं. वडील नेहमी सांगायचे तात्यांचं अक्षर मोत्यासारखं. आईला फोन केला, ती म्हणाली शेवटी हात कापायचा त्यांचा.

वकिलाला नक्कल दिली, त्यांनी पान न पान बघितलं आणि चालतंय म्हणाले. मी लॅमिनेशन करून देतो म्हटलं तर ओरडले, शिक्का तपासता येत नाही म्हणे लॅमिनेशन केल्यावर, ते पण लक्षात ठेवा.

एजंटचा परवा फोन आला. फाईल सापडत आलीय म्हणाला, अजून हजार पाठवा.