सेमिनरी बघायची तर शनिवारी मेसमध्ये बसा

आमच्या जालन्याच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतली, दोन मुलं ह्या सेमिनरीत शिकतात. सेमिनरी म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, तयार करणारी शाळा. त्यांची फी मंडळीच्या वर्गणीतून जाते, म्हणून पंचांनी मला तिथं राहून सगळं नीट बघून यायला सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. मराठवाड्यातल्या ज्या मंडळ्यांना आपली लेकरं पाळकपणाच्या शिक्षणासाठी पाठवायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

इमारत जुनी आहे, पण झाडलोट चांगली. ग्रंथालय बेताचं. शिक्षण मराठीतून, शेवटी डिप्लोमा मिळतो. सेरामपूर विद्यापीठाची बी. डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, हवी असेल तर पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी जावं लागतं, हे मुलाला आणि त्याच्या आईबापांना आधीच सांगून ठेवा.

आता खरं सांगण्यासारखं. इथली मेस विद्यार्थीच चालवतात. सेक्रेटरी निवडून येतो, बाजार तोच करतो आणि शनिवारी रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांसमोर उभं राहून हिशेब वाचतो. ज्वारी, तूरडाळ, तेल, कांदे, गॅस, सगळं ओळीनं. मी बसले होते त्या दिवशी लातूरकडचा एक मुलगा उठला. "दुधाला एवढा भाव कसा काय लावला? फाट्यावर तर कमीनं देऊलालेत की!" सेक्रेटरीचा चेहरा उतरला, पण त्यानं पावती काढून दाखवली. दूध जागेवर आणून देतात त्याचे पैसे वेगळे, हे त्यानं वाचायचं राहिलं होतं. प्राचार्य त्याच बाकावर बसले होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी आपलं ताट उचललं, रांगेत थांबून धुतलं आणि रॅकला लावलं.

मला ही बैठक फार मोलाची वाटली. गावातल्या मंडळीत भांडणं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, ह्या त्रिएकत्वाच्या सिद्धांतावरून होत नाहीत. ती दानाच्या हिशेबावरून होतात, दफनभूमीच्या कुंपणावरून होतात, नाताळचा मंडप कुणी सांगायचा यावरून होतात. ज्या पाळकाला चारचौघांत पावती दाखवायची आणि प्रश्न विचारणाऱ्याचा राग न धरायची सवय आहे, त्याची मंडळी फुटत नाही. ही सवय वर्गात बसून लागत नाही.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर येतो. माणशी किती बादल्या ते विद्यार्थ्यांची समिती ठरवते आणि प्राध्यापकांच्या घरांनाही तेच माप. प्राचार्यांच्या घरी पाहुणे होते तेव्हासुद्धा माप वाढवलं नाही, असं मला स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलं. मावशी कुणाची उगाच तारीफ करणाऱ्यातल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तर सेक्रेटरीला सगळ्यांदेखत बोलतात.

आम्हा जालनेकरांना हे ओळखीचं वाटतं. एकोणिसाव्या शतकातले मिशनरी नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारनं दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते नुसता उपदेश करून वसलं नाही. पाळकाला लोकांच्या पोटापाण्याचं कळलं पाहिजे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

सकाळची उपासना आळीपाळीनं मुलं चालवतात. १९७० साली नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी गावोगावच्या उपासनेच्या सवयी अजून वेगवेगळ्याच आहेत. शिवाय इथं मेथडिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल घरांतली मुलं आहेत. एकाला छापील क्रमाशिवाय चैन पडत नाही, दुसऱ्याला टाळ्या वाजवल्याशिवाय प्रार्थना झाल्यासारखी वाटत नाही. ज्याची पाळी त्याची पद्धत, बाकीच्यांनी मनापासून सामील व्हायचं, असा नियम आहे आणि तो पाळतात. पेटी-ढोलकीवर भजनं फार छान होतात. उपदेश मात्र पुस्तकी. "सदर उताऱ्याच्या संदर्भात" असली भाषा खेड्यातल्या म्हातारीला कशी पोचणार? यावर शिक्षकांनी मेहनत घ्यायला हवी.

एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. विद्यार्थी मंडळात मुलींना ठरलेली पदं मिळतात, सजावट नाहीतर सांस्कृतिक. मेस सेक्रेटरी मुलगी कधी झाली का, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "बाजारात जावं लागतं ना, मॅडम." आमच्या घराघरांतला बाजार कोण करतं? महिला मंडळाची भिशी, बचत गटाचं रजिस्टर, रविवारच्या शाळेचा खर्च हे सगळं बायकाच पै न् पै जुळवून सांभाळतात. मेसचा हिशेब हे इथलं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे आणि नेमकं तेच मुलींना मिळत नाही. मी हे प्राचार्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या गळक्या आहेत, पावसाळ्याआधी दुरुस्ती व्हायला हवी. त्यांच्या बायकांसाठी संध्याकाळचा एक वर्ग आहे, पण त्यात शिवणकामच जास्त. पाळकीणबाईला गावात काय काय निभवावं लागतं ते मी जवळून पाहिलंय. तिला बायबलचं नीट शिक्षण आणि बँकेचे व्यवहार आले पाहिजेत.

पाचापैकी चार गुण. अर्जासोबत पाळकांचं शिफारसपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. बघायला जाणार असाल तर शनिवारी मुक्कामाला जा, एरवी तुम्हाला फक्त वर्ग आणि चॅपल दाखवतील. पुढच्या खेपेला आमच्या मंडळीतून मुलगी पाठवावी असा ठराव मी पंचांपुढे मांडलाय. ती गेली की मेसच्या निवडणुकीला तिचं नाव द्यायला मी स्वतः सांगणार आहे.