डुलकीचा इशारा आणि लेन असिस्ट: मराठवाड्याच्या रस्त्यांवर किती भरवशाचे?

एक पावसाळा, उसाचा अख्खा गाळप हंगाम आणि त्यामागोमाग आलेला उन्हाळा, एवढ्या काळात गाडीतली चालक-साहाय्य यंत्रणा (पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, आपोआप ब्रेक, लेनमध्ये राहायला मदत करणारं लेन असिस्ट आणि डुलकीचा इशारा) सतत वापरून पाहिली. रस्ते इकडचे नेहमीचेच: जालना आणि छत्रपती संभाजीनगरमधून जाणारा समृद्धी महामार्ग, धुळे-सोलापूर महामार्गाचा गेवराई-बीड-धाराशिव टप्पा, तुळजापूर-लातूर-नांदेड, आणि तालुक्यांना जोडणारे दुपदरी रस्ते. गाडीत आरशामागे काचेला लागून एक कॅमेरा आहे, पुढच्या बंपरमध्ये ७७ गिगाहर्ट्झचं रडार आहे आणि डुलकीचा इशारा स्टिअरिंगच्या हालचालीवरून मिळतो. शिवाय चालकाचा चेहरा पाहणारं एक वेगळं यंत्र बाहेरून बसवलं आहे.

मत आधीच सांगतो. पुढे चालत असलेल्या गाडीमागे अंतर राखण्यात ही यंत्रणा चांगली आहे. रस्त्यात उभ्या असलेल्या वस्तूंच्या बाबतीत अर्धवट आहे. आणि डुलकीचा इशारा ज्या रस्त्यावर सगळ्यात जास्त लागतो, नेमका तिथेच तो सगळ्यात कमकुवत पडतो. या शेवटच्या मुद्द्याबद्दल विक्रीच्या वेळी कोणी बोलत नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

स्टिअरिंगवरून डुलकी ओळखायची पद्धत अशी: जागा माणूस गाडी चालवताना सतत बारीक-बारीक दुरुस्त्या करत असतो. झापड यायला लागली की या दुरुस्त्या थांबतात, गाडी थोडी एका बाजूला सरकते आणि मग एकदम झटका देऊन सरळ केली जाते. ‘काही क्षण शांत, मग झटका’ हा नमुना स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पकडतो. त्यात सलग किती वेळ गाडी चालली आहे, रात्रीचे किती वाजलेत, हेही मिळवलं जातं आणि मग पडद्यावर कॉफीच्या कपाचं चिन्ह येतं. बहुतेक गाड्यांत हे ताशी साठ-पासष्टच्या वर गेल्यावरच सुरू होतं आणि सुरुवातीची काही मिनिटं यंत्र चालकाची नेहमीची पद्धत शिकण्यात घालवतं. म्हणजे आधीच पेंगत गाडीत बसलेल्या माणसाची पेंगच यंत्राला ‘नेहमीची’ वाटू शकते.

आता लेन सेंटरिंग, म्हणजे गाडी आपोआप लेनच्या मध्यावर ठेवणारी सोय, चालू करा. त्या बारीक दुरुस्त्या आता गाडीची मोटर करते. चालकाचे हात नुसते स्टिअरिंगवर टेकलेले असतात आणि गाडी लेनच्या मधोमध छान चालत राहते. ज्या नमुन्यावरून झोप ओळखायची, तो नमुनाच पुसला जातो. समृद्धीचा रस्ता सरळसोट, सिमेंटचा आणि एकसुरी. तिथे तसंही स्टिअरिंगला फार काम नसतं. त्यात लेन सेंटरिंग आणि क्रूझ (वेग आपोआप राखणारी सोय) दोन्ही लावली की चालकाला करायला काही उरत नाही, झोप लवकर येते, आणि आलेली झोप यंत्राला दिसत नाही. हात स्टिअरिंगवर आहेत का हे पाहणारी गाडीची चाचणीही इथे कामाची नाही. ती स्टिअरिंगवरचा जोर किंवा स्पर्श मोजते आणि डुलकी घेणाऱ्या माणसाचा हातही स्टिअरिंगवर वजन टाकून पडलेला असतो.

म्हणून रात्री अकरानंतर आणि भरपेट जेवणानंतरच्या दुपारी समृद्धीवर आम्ही लेन सेंटरिंग बंद ठेवतो. लेन सोडल्याचा इशारा मात्र चालू, आवाजाऐवजी स्टिअरिंगच्या थरथरीवर, संवेदनशीलता ‘लवकर’वर. हे दोन पर्याय मेनूत बहुतेक वेळा वेगवेगळे असतात, पण स्टिअरिंगवरचं एकच बटण दाबल्याने दोन्ही एकदम बंद होऊ शकतात, ते एकदा तपासून घ्या. पहाटेच्या प्रवासात ॲडाप्टिव्ह क्रूझऐवजी (पुढच्या गाडीपासूनचं अंतरही राखणारी क्रूझ) वेगमर्यादा लावायची सोय वापरतो. पाय ॲक्सिलरेटरवर राहतो, तेवढंच शरीर जागं राहतं.

दुसरी खोट त्याहून साधी आहे. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं, किंवा गाडी थांबवून सीटबेल्ट सोडून दार उघडलं, की थकव्याचा हिशोब शून्यावर येतो. टोलनाक्यापुढे थांबून चहा घेतला, पाच मिनिटांत परत बसलं, तर पडदा ‘चालक ताजातवाना’ दाखवतो. कॅफिनचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. चहा घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं सीट मागे करून झोपणं हाच त्यातल्या त्यात खरा उपाय. काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं यांनी झोप जात नाही, फक्त थोडा वेळ लपते.

युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत डुलकीचा इशारा सक्तीचा आहे. तिथल्या नियमात मान्यतेसाठी सरासरी ४० टक्क्यांहून अधिक संवेदनशीलता पुरते. याचा अर्थ, झोप आलेली असतानाही निम्म्याहून जास्त वेळा गप्प राहणारी प्रणाली कायदेशीरपणे पास होऊ शकते. कप दिसला तर थांबा. कप दिसला नाही, यावरून काहीही ठरवू नका.

चेहरा पाहणारं यंत्र याहून बरंच बरं ठरलं. ते इन्फ्रारेड प्रकाश टाकून पापण्या पाहतं. मिनिटभरात बुबुळाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पापणीने किती वेळ झाकला, हे त्याचं मुख्य माप. त्याशिवाय डोळे सलग दीडेक सेकंद मिटले की मोठा आवाज येतो. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे आवाज येईपर्यंत पन्नास मीटर गेलेले असतात. तरी तीन सेकंदांच्या डुलकीत जाणाऱ्या शंभर मीटरपैकी उरलेले पन्नास वाचवणारं दुसरं काही गाडीत नाही.

त्याच्या चुका मात्र ओळखून घ्याव्या लागतात. उन्हाळ्यात तोंडाला बांधलेलं उपरणं किंवा रुमाल, कपाळावर ओढलेली टोपी, काही आरशासारखे गॉगल आणि चष्म्याच्या काचेवर पडलेली बाजूची तिरपी उन्हं यांत त्याला डोळे सापडत नाहीत. डोळे सापडत नसले की स्वस्त यंत्रं चूपचाप बसतात, चांगली यंत्रं वेगळा दिवा लावतात. विकत घेताना हे दुकानातच रुमाल बांधून पाहा. स्टिअरिंगच्या मागे मधोमध बसवलं तर हात वर आला की चेहरा झाकतो. डॅशबोर्डवर मध्याकडे थोडं सरकवून, चालकाच्या नजरेपेक्षा जरा खाली बसवलं की बरं चालतं. पुढच्या काचेच्या उजव्या खांबावर बसवायचं असेल तर तिथे पडदा-एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर तिथे स्क्रू नको आणि वायर एअरबॅगच्या पुढून नको. वीज लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. खड्ड्यांत पिन सैल होते आणि यंत्र मध्येच बंद पडतं. चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, वेगळा छोटा फ्यूज टाकून घ्या. किमान वेगाची मर्यादा ताशी तीसच्या आसपास ठेवली की गावातल्या गर्दीत उगाच ओरडत नाही. सततच्या खोट्या आवाजाला कंटाळून लोक यंत्रच काढून टाकतात, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची.

आता ऊस. गाळपाच्या महिन्यांत बीड, धाराशिव, लातूर, परभणी या पट्ट्यात रात्री दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर मातीने माखलेले किंवा नसतातच, आणि ऊस ट्रॉलीच्या चौकटीबाहेर लोंबतो. रडारला पुलाचे खांब, पाट्या, दुभाजक असे उभ्या वस्तूंचे असंख्य प्रतिध्वनी मिळतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावले तर गाडी चालवणंच अशक्य, म्हणून जास्त वेगात बऱ्याच प्रणाली उभ्या प्रतिध्वनीला कॅमेऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय फार किंमत देत नाहीत. कॅमेरा गाडीची पाठ, चाकं, दिव्यांची जोडी यांवरून वाहन ओळखतो. अंधारात उसाचा भारा त्याला वाहनासारखा दिसत नाही. चाक बदलायला रस्त्यातच उभी केलेली ट्रॉली ही दोघांनाही चुकवणारी गोष्ट आहे. चालता ट्रॅक्टर रडारला सापडतो, पण कधी धातूची चौकट सापडते आणि मागे लोंबणारा ऊस सापडत नाही. अंतर चौकटीपासून मोजलं जातं. बाहेर आलेल्या सळयांच्या ट्रकमागेही हेच होतं. या महिन्यांत रात्री क्रूझ लावायचीच असेल तर अंतर सगळ्यात मोठं ठेवा आणि वेग हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच. राँग साईडने येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी आपोआप ब्रेकवर विसंबू नका; ती सोय प्रामुख्याने आपल्याच दिशेच्या वाहनांसाठी बनवलेली आहे. पट्टे न मारलेला गतिरोधकही तिला दिसत नाही.

दुपदरी रस्त्यावर उलटा त्रास होतो. ओव्हरटेकला बाहेर पडताना पुढच्या ट्रकच्या पाठीजवळ गेलं की धडकेचा इशारा ओरडतो, कधी ब्रेकचा हलका झटका बसतो. इंडिकेटर आधी दिला आणि ॲक्सिलरेटर ठामपणे दाबला तर बहुतेक प्रणाली चालकाचं ऐकतात. इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’वर ठेवली की हा त्रास निम्मा होतो. ब्रेकची सोय मात्र बंद करू नये.

लेनचे पट्टे हा इकडचा कायमचा प्रश्न. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या टायरांना चिकटलेली काळी माती कडेचा पांढरा पट्टा झाकून टाकते. सिमेंटच्या रस्त्यावर भर दुपारी पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही आणि सांध्यात भरलेलं डांबर कधीकधी रेघ समजलं जातं. पर्यायी वळणरस्त्यावर जुने पट्टे न खोडता नवे मारलेले असतात. काम चालू असलेल्या टप्प्यात लेन असिस्ट सरळ बंद करावं.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी सुरू केली की ‘पुढचा कॅमेरा तात्पुरता उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. काचेमागचा कॅमेरा तापतो आणि स्वतःला बंद करतो. एसीचा झोत काचेकडे दिला की थोड्या वेळाने परत येतो. सावली किंवा काचेचा पडदा वापरला तर हा संदेश क्वचितच दिसतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने काच धुऊन तशीच वाळू दिली तर कॅमेऱ्यासमोर पांढरे डाग बसतात. शेवटचा हात साध्या गोड्या पाण्याने आणि सुती कापडाने मारा. कॅमेऱ्यासमोर फास्टॅग, देवाच्या नावाची पट्टी किंवा काचेची काळी फिल्म येऊ देऊ नका. बंपरवरचं लिंबू-मिरची, पूजेचा हार आणि लोखंडी गार्ड हे रडारच्या वाटेत येतात. हार दुसऱ्या दिवशी काढा, गार्ड लावूच नका.

शेवटचं, आणि यात पैसे वाया जातात. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा अचूक जुळवणं) करावंच लागतं. बंपर काढून परत बसवला तर रडारची दिशा तपासावी लागते. कॅमेरा अर्धा अंश फिरला तरी शंभर मीटरवर तो जवळजवळ नव्वद सेंटीमीटर चुकतो, म्हणजे शेजारच्या लेनमधली मोटारसायकल आपल्या लेनमध्ये धरली जाऊ शकते. रडारसमोरच्या भागावर पुट्टीचा जाड थर किंवा पुन्हा पुन्हा मारलेला मेटॅलिक रंग लहरी अडवतो; तिथे दुरुस्तीपेक्षा नवा बंपर घ्यावा. तालुक्याच्या ठिकाणच्या काचवाल्याकडे कॅलिब्रेशनला लागणारा खुणांचा फलक आणि स्कॅनर बहुधा नसतो. विम्याच्या दाव्यात कॅलिब्रेशनचा खर्च वेगळी ओळ म्हणून आधीच लिहून घ्या आणि काम झाल्यावर सर्व्हिस सेंटरकडून त्याचा छापील अहवाल मागा. मगच पट्टे स्पष्ट असलेल्या, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर दिवसा गाडी नेऊन लेनचा इशारा डाव्या आणि उजव्या पट्ट्यावर सारख्याच अंतरावर येतो का ते पाहा. एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा येत असेल तर गाडी तिथूनच परत वर्कशॉपला न्या.