चांदीचं नाणं, वीट, राणीछाप की ईटीएफ? पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी

ऑफिसमध्ये हल्ली दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, की चांदी घ्यायचीय, नाण्यांपासून सुरू करू का? मी उलट एकच विचारतो, विकणार कुठे? ज्या दुकानातून घेणार ते परत घेतील का, रोख देतील का, किती कापून देतील? इथे सगळे गप्प होतात, कारण घेताना भाव सगळे बघतात पण मोड घालायला गेल्यावर हातात काय पडेल हे कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. पहिली खरेदी म्हणजे दहा-दहा ग्रॅमची सहा नाणी, लक्ष्मी-गणपती छाप, लाल मखमली डबीत, एका बऱ्यापैकी मोठ्या दुकानातून (नाव नको). दोन वर्षांनी गरज लागली म्हणून तिथेच गेलो तर म्हणे रोख मिळणार नाही, बदल्यात पैंजण घ्या, जोडवी घ्या. शेवटी गल्लीतल्या सराफाने घेतली, आधी मशीनवर टच (शुद्धता) बघितला, मग घट (वितळवताना होणारी तूट) कापली. डबीचे, छापाचे, घडणावळीचे पैसे गेले ते गेलेच. मधल्या काळात भाव चढला होता म्हणून वाचलो.

आता हिशोब बघू, सोपा जावा म्हणून चांदी 100 रुपये ग्रॅम धरू (खरा भाव त्या दिवशीचा बघा). 10 ग्रॅमचं नाणं, धातूचे 1000, घडणावळ समजा 100, त्या 1100 वर 3 टक्के जीएसटी 33, म्हणजे तुम्ही देणार 1133. दुसऱ्याच दिवशी विकायला गेलात आणि 3 टक्के कापले तर मिळाले 970. म्हणजे नुसतं मुद्दलात यायला भाव जवळजवळ 17 टक्के वाढायला हवा! तेच 100 ग्रॅमची साधी वीट घेतली, धातूचे 10000, घडणावळ 300, जीएसटी 309, एकूण 10609, आणि विकताना 2 टक्के कापून 9800, तर साधारण सव्वाआठ टक्क्यांत बरोबरी होते. घडणावळ आणि कपात दुकानागणिक वेगळी असते, मी धरलेले आकडे फक्त उदाहरणाला, पण कल हाच राहतो की तुकडा जितका छोटा तितकी ग्रॅममागे घडणावळ जास्त. पाच ग्रॅमचं नाणं तर बारशाला द्यायलाच बरं.

मग सरळ वीटच का नको? एक तर सुरुवातीला तेवढे पैसे एकदम नसतात, आणि वीट अर्धी विकता येत नाही, नाणी मात्र लागतील तेवढीच काढता येतात. दुसरं कारण कमी लोकांना माहितीय. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नवीन नियमांत (अंमलबजावणीची मुदत 1 एप्रिल 2026) बँका आणि फायनान्स कंपन्यांना चांदीचे दागिने आणि नाणी तारण घेऊन कर्ज देता येतं, नाण्यांना माणशी 500 ग्रॅमची मर्यादा आहे, पण विटा आणि बार तारण चालत नाहीत, ईटीएफ (शेअर बाजारात युनिट म्हणून विकला जाणारा चांदीचा फंड) पण नाही. तेव्हा अडीनडीला गहाण ठेवायचा विचार असेल तर नाणं पुढे. माझ्या मते मधला रस्ता म्हणजे 50 किंवा 100 ग्रॅमचं साधं नाणं, देवाचा छाप नको, रंगीत मीनाकारी तर नकोच, फक्त 999 (म्हणजे 99.9 टक्के शुद्ध) आणि वजन कोरलेलं. एमएमटीसी-पॅम्पसारख्या रिफायनरीचं सीलबंद घेतलं तर कार्डावर नंबर असतो आणि शुद्धता 999.9, पैसे थोडे जास्त जातात पण विकताना वाद कमी. ते पाकीट मात्र फाडू नका, पाहुण्यांना दाखवायला म्हणून सुद्धा नाही.

आजीच्या ट्रंकेतले रुपये हा वेगळाच विषय. राणीछाप, राजाछाप म्हणून जे विकतात ते ब्रिटिश काळातले रुपये, वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी 91.7 टक्के, म्हणजे न झिजलेल्या नाण्यात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध. 1940 पासून ती 50 टक्क्यांवर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. आणि 1947 चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर पूर्ण निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो, खरी चांदी चिकटत नाही. तरी लोक 1944 चा रुपया 1904 च्या भावाने घेऊन येतात, नुसतं साल वाचलं असतं तर वाचले असते. घरचे असतील तर ठेवा, पण गुंतवणूक म्हणून बाजारातून विकत घ्यायचे असतील तर नकली खूप फिरतात, आणि दुर्मिळ साल म्हणून जास्त पैसे मागितले तर तो नाणेसंग्रहाचा छंद झाला, ते डोकं वेगळं लागतं. सरकारी टांकसाळीच्या 100 रुपयांच्या स्मारक नाण्यांचंही तेच. 35 ग्रॅमची जुनी बरीच नाणी फक्त 50 टक्के चांदीची आहेत. सरकारी म्हणजे शुद्ध असं समजू नका, किंमत चांदीपेक्षा कितीतरी जास्त असते. संग्रहाला छान, चांदी साठवायला नाही.

ईटीएफचे लोक म्हणतील एवढी उठाठेव कशाला. बरोबर आहे त्यांचं बऱ्याच अंशी. सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2021 च्या शेवटी परवानगी दिली आणि जानेवारी 2022 पासून हे फंड सुरू झाले, त्यांच्याकडे 30 किलोच्या 999 शुद्धतेच्या विटा असतात. तुम्हाला घडणावळ नाही, युनिटवर जीएसटी नाही, चोरीची भीती नाही, थोड्या पैशांपासून चालू करता येतं आणि बाजार उघडा असताना मोबाईलवरून विकता येतं. टॅक्समध्येही फायदा आहे, ईटीएफ 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की नफा लाँग टर्म, प्रत्यक्ष चांदीला तेच 24 महिने लागतात, नंतर दोघांना 12.5 टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. पण ईटीएफला खोट नाही असंही नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये दिवाळीच्या तोंडावर देशात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा युनिट आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा बरेच महाग विकले जात होते, काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या फंड ऑफ फंड्समध्ये (म्हणजे ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या फंडांत) एकरकमी पैसे घेणं तात्पुरतं थांबवलं. घाईत घेतलेल्यांनी चांदीसोबत प्रीमियमही विकत घेतला. म्हणून घेताना एनएव्ही (युनिटमागे आतल्या चांदीची किंमत) बघा, नुसता भाव नको.

कुठूनही घ्या, एक गोष्ट डोक्यात असू द्या. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीत चांदी औंसाला (सुमारे 31 ग्रॅम) 50 डॉलरच्या आसपास गेली, मार्चअखेर 11 डॉलरच्या खाली आली. पुन्हा 50 च्या जवळ यायला एप्रिल 2011 उजाडला, तिथूनही घसरली, आणि ओलांडायला ऑक्टोबर 2025. डॉलरच्या भावात बघितलं तर शिखरावर घेतलेल्याने पंचेचाळीस वर्षं वाट बघितली. त्यामुळे एकदम नको, थोडी थोडी घ्या, आणि मुलांच्या फीचे पैसे तर यात अजिबात नको.

मी स्वतः काय करतो, तर बहुतेक रक्कम ईटीएफमध्ये, आणि वर्षातून एकदा शंभर ग्रॅमचं एक साधं नाणं, ओळखीच्या सराफाकडून, जो परत घेताना किती कापणार ते बिलावर लिहून देतो. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान. हुपरी किंवा खामगावला जाणं होत असेल तर तिथे भाव काढून बघा, चांदीचीच गावं ती, पण तिथेही पक्कं बिल हवंच. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन लागतं आणि तेवढी रोकड दुकानदाराला घेता येत नाही.

नाणी हवाबंद डबीत ठेवा, रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चट्टे पडतात. आणि काळी पडली तर पडू द्या, वजन कमी होत नाही. आमच्या आईने एकदा दिवाळीला माझी सगळी नाणी टूथपेस्ट लावून लख्ख घासली होती, चमकली मस्त, पण जे काळं पाणी मोरीत गेलं त्यात थोडी चांदीही होती.