गल्लीतलं काम कुठल्या निधीतून करून घ्यावं? पुण्यातल्या तीन वाटा

पदपथ उखडलाय, वळणावर दिवा नाही, बसथांब्यावर बसायला बाक नाही. असं काम घेऊन वसाहतीतली चार माणसं एकत्र बसली की पहिला प्रश्न हाच असतो, जायचं कुणाकडे? पुण्यात सर्वसामान्य रहिवाशाला तीन दारं उघडी आहेत: महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी स्वतः सुचवायची कामं, नगरसेवकांची ‘स’ यादी आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी. बहुतेक जण कुणाकडे पैसे जास्त आहेत ते बघतात. माझ्या मते त्याआधी आपलं काम यादीत कुणाच्या नावाने चढतं आणि वर्षभरात ते कुठे गळू शकतं, ते बघावं.

नागरिकांनी सुचवलेली कामं

पुणे महापालिकेने ही पद्धत २००६ मध्ये सुरू केली. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेची, १९८९ सालची. इथे एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा अनेक वर्षं राहिली आहे. म्हणजे दिवे, बाक, पदपथाचा एखादा तुकडा, दिशादर्शक फलक अशीच कामं बसतात. पूल किंवा मोठी सांडपाणी वाहिनी नाही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे जातो, अभियंता जागा पाहतो, खर्चाचा अंदाज काढतो आणि मग काम प्रभाग समितीपुढे येतं.

या समितीत नगरसेवकच असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अर्ज टाकून घरी बसलं तर काम मागे पडायची शक्यता मोठी. अर्जाची पोच जपून ठेवा आणि समितीच्या बैठकीआधी नगरसेवकांना भेटा. एकट्याच्या सहीपेक्षा वीस घरांच्या सह्या कधीही बऱ्या.

आणि जागा. आमच्या गल्लीने पदपथासाठी मोठ्या उत्साहाने अर्ज केला, छायाचित्रं जोडली, रांगेत उभं राहून तो दिला. नंतर कळलं की ती पट्टी सोसायटीच्याच मालकीची, महापालिकेकडे हस्तांतरित झालेलीच नव्हती. चूक आमची, पण वर्ष गेलं. खाजगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, म्हणून जागेचा ताबा आधी तपासा.

तरीही लहान कामासाठी मी हीच वाट सुचवेन. मागणी लेखी असते, तुमच्या नावाची असते आणि पुढे काय झालं हे विचारायचा हक्क तुमच्याकडे राहतो. तो हक्क मला रकमेपेक्षा मोठा वाटतो.

‘स’ यादी

नगरसेवक आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकात सुचवतात, ती ही यादी. ५ लाखांत न बसणाऱ्या कामाला हीच वाट बरी: गल्लीचं काँक्रिटीकरण, जुनी वाहिनी बदलणं. नगरसेवकाने मनावर घेतलं तर फाइल भराभर हलते, आणि त्याला परिसर माहीत असल्याने एकेक गोष्ट समजावत बसावं लागत नाही.

धोका वर्गीकरणाचा. एका कामासाठी ठेवलेली रक्कम मधेच दुसऱ्या कामाकडे वळवायची, याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. आर्थिक वर्ष संपत आलं की असे प्रस्ताव वाढतात. दुसरा धोका म्हणजे सगळी भिस्त माणसावर. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक होते. ज्यांची मागणी फक्त नगरसेवकाच्या शब्दावर होती, त्यांना विचारायला कुणी उरलं नाही. चार सदस्यांच्या प्रभागात तर चौघांपैकी नेमकं कुणाला गाठायचं, हेही आधी ठरवावं लागतं.

आमदार निधी

महाराष्ट्रात एका आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. आकडा मोठा दिसतो, पण तो लाखो लोकवस्तीच्या अख्ख्या मतदारसंघात वाटला जातो. आमदार पत्र देतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते, जागा महापालिकेची असेल तर तिची ना-हरकतही लागते. एका दिव्यासाठी एवढी पायपीट करण्यात अर्थ नाही. अभ्यासिका, समाजमंदिर, खुली व्यायामशाळा असं नव्याने काही उभारायचं असेल तरच हे दार ठोठवा, आणि पुढची देखभाल कोण करणार ते त्याच वेळी लेखी घ्या.

मग ठरवायचं कसं?

काम लहान आणि जागा महापालिकेची असेल, तर नागरिकांचा अर्ज. खर्च मोठा असेल तर ‘स’ यादी, पण त्याच मागणीचं लेखी निवेदन क्षेत्रीय कार्यालयातही द्या, म्हणजे नगरसेवक बदलला तरी कागद राहतो. एकच काम दोन निधींत मागू नका. तपासणीत दुबार निघालं तर दोन्हीकडून अडकतं.

अंदाजपत्रक मंजूर झालं की त्यात आपल्या कामाची ओळ शोधा, तरतुदीचा आकडा टिपून ठेवा. दिवाळीपर्यंत निविदा निघाली नसेल तर तेव्हाच क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. फेब्रुवारी उजाडला की ती रक्कम दुसरीकडे वळायला वेळ लागत नाही.