जेनेटिक क्लिनिकचा अनुभव : म्युकोलिपिडोसिस ३ गामा

मुलाचे सांधे आखडताहेत आणि जाल तिथे ‘संधिवात’ एवढंच ऐकायला मिळत असेल, तर इथली अपॉइंटमेंट जरूर घ्या.

माझ्या लेकीची बोटं पुरती सरळ होत नाहीत. सूज नाही, लाली नाही, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल. तरी दुसरीकडे संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या. इथल्या मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि तिला म्हणाल्या, “बाळा, नमस्कार कर बघू.” तळवे टेकले, बोटं मात्र जुळेनात, मध्ये चांगली फट. मग खांदे उचलायला लावले, खुब्याचा एक्स-रे सांगितला. रक्तात लायसोसोमची (पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशव्यांची) एन्झाइम्स कितीतरी पट जास्त निघाली आणि जनुक तपासणीत जीएनपीटीजी या जनुकात दोष सापडला. म्हणजे म्युकोलिपिडोसिस ३ गामा.

आकडे जास्त, मग आजार कशाचा? हे समुपदेशक ताईंनी कागदावर पेशी काढून समजावलं. पेशीतला कचरा मोडणाऱ्या एन्झाइम्सना लायसोसोमपर्यंत पोचायला पत्ता लागतो. गॉल्जी या पेशीतल्या भागात फॉस्फोट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम त्यांच्या मॅनोज साखरेवर एन-असिटिलग्लुकोसामाइन-फॉस्फेट चढवतं, दुसरं एन्झाइम वरची साखर काढतं, उरतो मॅनोज-६-फॉस्फेट. तोच पत्ता. हिच्याकडे तो नीट पडत नाही, म्हणून एन्झाइम्स रक्तात सांडतात. “म्हणजे कमी नाहीत, भलतीकडे आहेत!” माझे मिस्टर म्हणाले. ताईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

खोटा धीर कुणी दिला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. याच फॉस्फोट्रान्सफरेजचा अल्फा-बीटा भाग पूर्ण निकामी असेल तर म्युकोलिपिडोसिस २ होतो, त्यात बाळं फार जगत नाहीत. हिच्यात दोष त्याच्या गामा भागात आहे, तो सौम्य. मूळ आजारावर औषध नाही. खुबे, मनगटातली नस, हृदयाच्या झडपा यांवर लक्ष ठेवायचं. व्यायाम हलका, सांधे ओढायचे नाहीत. आधीच्या ठिकाणी बोटं ओढून सरळ करायचे, पोर रडून रडून दमायची. ते आता बंद झालंय. आम्ही दोघंही वाहक, त्यामुळे पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हाच आजार असण्याची २५ टक्के शक्यता. गर्भाची तपासणी कधी करायची तेही त्यांनी आपणहून सांगितलं.

एक तारा कापला. रिपोर्टसोबतचं पत्र फक्त इंग्रजीत मिळतं. आमच्या सासूबाईच दिवसभर लेकीला सांभाळतात, त्यांना मराठीत हवं होतं. मागितल्यावर ताईंनी हाताने लिहून दिलं, पण ते छापील असायला हवं. बाहेर वाट बघत बसावंही बरंच लागतं.

जाताना जुने एक्स-रे सोबत न्या. मॅडम ते लाइटबॉक्सवर लावून खरंच बघतात.